वेजची निवड: कोन, जमीन आणि खिसा

गोल्फच्या पिशवीतील लोखंडी क्लबांपैकी ज्यांचा दांडा सर्वांत आखूड, डोके सर्वांत जड आणि तोंड सर्वांत कलते असते, त्यांना वेज म्हणतात. चेंडू लांब पाठवणे हे त्यांचे काम नव्हे. होल शंभर-सव्वाशे यार्डांच्या आत आले की चेंडू उंच उडवून ठरल्या जागी टाकायचा आणि तो फार न घरंगळता थांबवायचा, बंकरच्या वाळूतून बाहेर काढायचा, ग्रीनच्या कडेच्या गवतातून हलकेच होलजवळ पोचवायचा, ही कामे वेजची. ७२ पारच्या मैदानावर दर होलला पटरचे दोन फटके धरले तर ३६ फटके पटरचेच होतात. उरलेल्या ३६ मध्ये सामान्य खेळाडूचा दुसरा-तिसरा फटका क्वचितच ग्रीनवर थेट थांबतो. ग्रीन जितक्या वेळा चुकते तितक्या वेळा वेज हातात घ्यावा लागतो. तरीही नवा खेळाडू बहुतेक पैसा ड्रायव्हरवर घालतो आणि वेज घ्यायची पाळी येते तेव्हा हाताशी फारसे काही उरलेले नसते. त्या उरलेल्या पैशात काय घ्यावे, कशाला हात लावू नये आणि कशावर खर्च करणे वाया जाते, हा येथला विषय आहे.

ज्या वाचकासाठी हे लिहिले आहे त्याचे बुऱ्हाणपूर हे गोल्फचे गाव नाही. तापीकाठचे हे शहर केळी, कापूस आणि यंत्रमागांचे. इथल्या किंवा शेजारच्या रावेर-यावलच्या माणसाला या खेळाची गोडी लागते ती बहुधा बाहेरगावी, नोकरीत, लष्करात किंवा शिक्षणाच्या निमित्ताने इंदूर, नाशिक, पुणे, मुंबई अशा ठिकाणी. भारतात गोल्फचा पहिला क्लब १८२९ मध्ये कलकत्त्याला निघाला, मुंबईत १८४२ मध्ये. पुढे छावण्यांच्या आणि गोऱ्या अधिकाऱ्यांच्या पाठोपाठ हा खेळ आत दख्खनपर्यंत आला. नाशिकच्या ज्या मैदानावर आज क्रिकेटचे सामने होतात त्या हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानाला लोक अजून गोल्फ क्लब ग्राउंडच म्हणतात. मुंबईत विलिंग्डन क्लब १९१८ मध्ये आणि चेंबूरचा बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब १९२७ मध्ये निघाला. खेळ श्रीमंतांचा राहिला, पण पिशव्या उचलणारी पोरे आसपासच्या वस्त्यांतली होती आणि त्यांच्यातूनच उत्तम खेळाडू निघाले. दिल्लीत कॅडी म्हणून वाढलेल्या अली शेरने १९९१ मध्ये इंडियन ओपन जिंकली. तोवर एकाही भारतीय व्यावसायिक खेळाडूला ती जिंकता आली नव्हती.

चेंबूरच्या क्लबाशेजारच्या वस्तीतल्या तरुणांनी तर क्लबच घरी घडवले. बांधकामाच्या लोखंडी सळईचे टोक तापवून, ठोकून, वाकवून त्याला तोंड काढायचे, दुसऱ्या टोकाला मूठ गुंडाळायची आणि गल्लीबोळांत प्लास्टिकच्या चेंडूने खेळायचे, असा हा खेळ. वर्तमानपत्रांनी त्याला ‘स्लम गोल्फ’ असे नाव दिले. वेजची किंमत कशात असते हे या सळईवरून लवकर कळते. वाकवलेल्या टोकाला कोन आला की चेंडू वर उठतो, तो कोन बदलला की अंतर बदलते. बाजारातल्या वेजमध्ये याच्यापलीकडे दोन गोष्टी जास्त असतात, तळाचा घाट आणि तोंडावरच्या खाचा. खर्चाचा विचार याच तीन गोष्टींभोवती करायचा असतो. त्यात आधी कोन.

तोंड दांड्याच्या रेषेपासून जितके अंश मागे कललेले असते तो त्या क्लबाचा लॉफ्ट. पिचिंग वेज साधारण ४४ ते ४८ अंशांचा, गॅप वेज ५० ते ५२, सँड वेज ५४ ते ५६ आणि लॉब वेज ५८ ते ६० किंवा त्याहून अधिक. ही नावे मात्र फसवी आहेत. पूर्वीच्या संचांत पिचिंग वेज ४८ ते ५० अंशांचा असे आणि त्याच्यापुढे सँड वेज घेतला की काम भागे. नंतर कंपन्यांनी प्रत्येक लोखंडी क्लबाचा लॉफ्ट कमी करत नेला, कारण आपला सात नंबर दुसऱ्याच्या सात नंबरपेक्षा लांब जातो असे दिसले की संच खपतो. आज कित्येक संचांत पिचिंग वेज ४३ ते ४५ अंशांवर आलेला आहे. सँड वेज मात्र ५६ वरच राहिला. मधल्या अकरा ते तेरा अंशांची पोकळी भरायला गॅप वेज जन्माला आला. १९८० च्या सुमारास टॉम काइटसारख्या खेळाडूंनी ६० अंशांचा वेज पिशवीत घातला आणि दोन वेजांचे तीन, तिनांचे चार झाले. पिशवीत १४ हून अधिक क्लब ठेवता येत नाहीत. अमेरिकेत हा नियम १९३८ पासून आणि ब्रिटनमध्ये १९३९ पासून आहे. म्हणजे जास्तीचा प्रत्येक वेज दुसऱ्या कुठल्या तरी क्लबाची जागा घेतो आणि वर पैसेही घेतो.

म्हणून खरेदीची सुरुवात दुकानात होत नाही, स्वतःच्या पिशवीत होते. आपल्या पिचिंग वेजचा लॉफ्ट किती, हे आधी शोधावे. कंपनीच्या संकेतस्थळावर त्या मॉडेलची माहिती मिळते. जुना संच असेल तर क्लब दुरुस्त करणाऱ्याकडे मोजून घ्यावा. तिथून पुढे चार ते सहा अंशांच्या अंतराने वेज लावायचे. पिचिंग वेज ४४ चा असेल तर ५० आणि ५६ हे दोन पुरतात. ४६ चा असेल तर ५२ आणि ५८, किंवा ५१ आणि ५६. ज्यांचा जुना पिचिंग वेज ४८ किंवा ४९ चा आहे त्यांना तर एकच ५४ किंवा ५५ चा वेज बराच काळ निभावून नेतो. अंशांमागे किती यार्ड पडतात हे प्रत्येकाच्या ताकदीवर आहे, पण चार अंशांना दहा ते पंधरा यार्डांचा फरक हा सर्वसाधारण अनुभव आहे. हळू फिरवणाऱ्याच्या हातात चार अंशांवरचे दोन वेज जवळजवळ एकाच ठिकाणी चेंडू टाकतात. अशा खेळाडूने सहा अंशांचे अंतर ठेवावे, त्यात त्याचा एक वेजच वाचतो.

लॉफ्टनंतरची गोष्ट अधिक महत्त्वाची आहे, आणि तीच विकत घेताना सर्वांत कमी पाहिली जाते. वेज जमिनीवर टेकवला की त्याची पुढची धार किंचित वर राहते आणि तळाचा मागचा भाग खाली टेकतो. तळ आणि जमीन यांच्यातला हा कोन म्हणजे बाउन्स. नांगराचा फाळ मातीत शिरतो आणि वखराची पास वरच्या थरातून सरकत जाते, तोच फरक कमी आणि जास्त बाउन्समध्ये आहे. सहा अंशांपर्यंतचा बाउन्स कमी, सात ते दहा मध्यम आणि त्यावरचा जास्त समजला जातो.

बाउन्स ही कल्पना वाळूतून आली. १९२० च्या दशकापर्यंत बंकरमधून चेंडू काढायला निब्लिक नावाचा पातळ तळाचा क्लब वापरत आणि तो वाळूत रुतून बसे. टेक्सासच्या एडविन मॅकलेनने १९२८ मध्ये जाड तळाच्या आणि खोलगट तोंडाच्या क्लबाचे पेटंट घेतले. गोल्फपटू बॉबी जोन्सने १९३० च्या ब्रिटिश ओपनमध्ये तसा क्लब वापरला. खोलगट तोंड चेंडूला एकाच फटक्यात दोनदा लागू शकते या कारणाने १९३१ मध्ये त्यावर बंदी आली. मग जीन सॅराझेन या खेळाडूने तोंड सपाटच ठेवले आणि निब्लिकच्या तळाला मागच्या बाजूने सोल्डर चढवून तो जाड केला. विमान उडताना शेपटीचा भाग खाली जातो आणि नाक वर उठते हे पाहून ही कल्पना सुचल्याचे तो सांगत असे. १९३२ मध्ये सँडविचजवळच्या प्रिन्सेस मैदानावर त्याने हाच क्लब घेऊन ब्रिटिश ओपन जिंकली. आजचा प्रत्येक सँड वेज त्या सोल्डर चढवलेल्या तळाचा वंशज आहे.

आता ही गोष्ट आपल्या मातीवर आणून पाहिली पाहिजे, कारण परदेशी पुस्तकांतला सल्ला परदेशी जमिनीसाठी असतो. तापीच्या खोऱ्यात, म्हणजे बुऱ्हाणपूरपासून जळगाव-भुसावळपर्यंत, बेसॉल्ट खडकाची झीज होऊन तयार झालेली काळी कापसाची माती आहे. पाणी मिळाले की ती फुगते आणि चिकट होते, वाळली की आकसते, भेगाळते आणि दगडासारखी कडक होते. दख्खनच्या पठारावरही थोड्याफार फरकाने हेच. त्यामुळे एकच मैदान वर्षात दोन मैदानांसारखे वागते. पावसाळ्यात कमी बाउन्सचा वेज चेंडूच्या मागे चिखलात घुसतो, फटका तिथेच मरतो. मार्च ते जूनच्या कोरड्या जमिनीवर याच्या उलट घडते. तिथे जास्त बाउन्सचा वेज तळावर आपटून उसळी घेतो आणि त्याची धार चेंडूच्या पोटावर बसते, चेंडू ग्रीन ओलांडून पलीकडे जातो. जुन्या छावण्यांच्या मैदानांवर पाण्याअभावी ग्रीनऐवजी तेल शिंपडलेल्या वाळूचे ‘ब्राउन’ असत. त्यांच्याभोवतीच्या टणक जमिनीवरून चेंडू उडवण्यापेक्षा घरंगळत नेणेच शहाणपणाचे ठरे.

अर्थात सगळे मातीच ठरवत नाही. फेअरवेवर बाराही महिने पाणी सोडले जाते की फक्त ग्रीन आणि टी यांना, हे विचारून घ्यावे. पाणी असलेल्या मैदानावर हरळीचा गालिचा दाट राहतो, चेंडू गवताच्या पात्यांवर उभा असतो आणि मध्यम बाउन्स निर्धास्त चालतो. पाणी नसलेल्या मैदानावर चेंडू उघड्या मातीवर बसतो. बंकरची वाळूही पाहावी. मऊ आणि खोल वाळूला जास्त बाउन्स लागतो. पावसाने घट्ट झालेल्या किंवा पातळ थराच्या वाळूवर तोच वेज उसळतो.

याशिवाय खेळाडूचा हात. ज्याचा क्लब वरून तिरपा खाली उतरतो आणि दर फटक्याला मातीचे जाड ढेकूळ उडवतो त्याला जास्त बाउन्सचा आधार हवा. ज्याचा क्लब गवत नुसते घासून जातो त्याला कमी पुरतो. हे समजायला कुठलेही यंत्र लागत नाही, स्वतःच्या फटक्यानंतर जमिनीवर पडलेला ओरखडा किती खोल आहे ते पाहिले की झाले. शिवाय छापलेला आकडा हे पूर्ण सत्य नसते. रुंद तळाचा ८ अंशांचा वेज अरुंद तळाच्या १२ अंशांच्या वेजपेक्षाही कमी रुततो. टाचेकडची किंवा मागची कड घासून काढली असेल, ज्याला ग्राइंड म्हणतात, तर तोंड उघडे करूनही धार जमिनीलगत राहते. तोंड उघडले की प्रत्यक्ष बाउन्स वाढतो, हात पुढे झुकवले की घटतो. एकाच वेजमधून दोन-तीन वेजांचे काम काढण्याची कला ती हीच, आणि हात राखून खर्च करणाऱ्याने ती शिकण्यात वेळ घालवला तर तो वेळ पैशाच्या जागी कामी येतो.

खाचांचे प्रकरण त्या मानाने सरळ आहे. गवताचा रस, दव आणि माती चेंडू आणि तोंड यांच्यामध्ये आली की पकड सुटते. खाचा ती घाण बाजूला सारतात आणि चेंडूला मागची फिरकी देतात. धारदार कडांच्या चौकोनी खाचा उंच गवतातूनही फार फिरकी देत, म्हणून २०१० मध्ये नियम कडक झाले. २५ अंश आणि त्यावरच्या लॉफ्टच्या नव्या क्लबांना खाचांच्या कडा ठरावीक मापापर्यंत गोल ठेवाव्या लागतात, खाचेची रुंदी ०.९ मिलिमीटरच्या आणि खोली ०.५ मिलिमीटरच्या आसपास मर्यादित आहे. त्याआधीच्या बनावटीचा जुना वेज स्वस्तात मिळाला तर सरावाला तो उत्तमच, पण स्पर्धेत उतरायचे असेल तर आयोजक समितीला आधी विचारून घ्यावे. खाचा झिजतात, विशेषतः वाळूत. टायटलिस्टसारख्या कंपन्या सुमारे ७५ फेऱ्यांनंतर वेज बदलायला सांगतात. महिन्यातून एक-दोनदा मैदान गाठणाऱ्याला हा हिशेब तीन-चार वर्षे सहज पुरतो. ज्याचा चेंडू अजून ग्रीनवर हवा तिथे पडत नाही त्याला झिजलेल्या खाचांची काळजी त्यानंतरही करण्याचे कारण नाही. ओले फडके आणि दात घासायचा जुना ब्रश यांनी दर फटक्यानंतर तोंड साफ ठेवणे हा फिरकी वाढवण्याचा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

पैसा नेमका कुठे जातो? एक, नव्या मॉडेलच्या नव्हाळीत. टायटलिस्टचे व्होकी वेज दर दोन वर्षांनी बदलतात: एसएम-८ २०२० मध्ये, एसएम-९ २०२२ मध्ये, एसएम-१० २०२४ मध्ये. नवे आले की मागचे उतरत्या भावात निघतात आणि दोन पिढ्यांतला फरक सामान्य हाताला जाणवण्याजोगा नसतो. दोन, घडाईत. ठोकून घडवलेले मऊ पोलादाचे वेज महाग असतात. ते हाताला मऊ लागतात हे खरे, पण साच्यात ओतलेला वेज चेंडू काही कमी अचूक टाकत नाही. तीन, नावात. २०२० मध्ये अमेरिकेतल्या कॉस्टको या दुकानसाखळीने स्वतःच्या कर्कलँड नावाने ५२, ५६ आणि ६० अंशांचे तीन वेज मिळून सुमारे १६० डॉलरला विकायला काढले. तेवढ्या पैशात नामांकित कंपनीचा जेमतेम एक वेज येत असे. भारतात डेकॅथलॉनच्या इनेसिस नावाचे वेज त्याच वळणाचे आहेत, साधे आणि परवडणारे. ज्यांचे बाकीचे क्लब मागून पोकळ, चुकलेला फटका सांभाळून घेणारे आहेत त्यांनी वेजही त्याच जातीचा घ्यावा. २०१७ पासून क्लीव्हलँड कंपनीने सीबीएक्स नावाने आणलेले वेज याच विचाराचे आहेत. पातळ पात्याचा सुबक वेज दिसायला मोहक असतो, पण मध्यबिंदू चुकला की तो क्षमा करत नाही.

जुना वेज घेणे हा कमी पैशातला उत्तम मार्ग आहे, फक्त पाहून घेतला पाहिजे. बुऱ्हाणपूरच्या खरेदीदाराला दुकान हाताशी नसते. तो बहुधा फोटो पाहून मागवतो किंवा इंदूर-पुण्याच्या ओळखीच्या खेळाडूकडून घेतो. अशा वेळी तोंडाचा, तळाचा आणि दांड्याच्या सांध्याचा जवळून काढलेला फोटो मागावा. तोंडाच्या मधोमध चकचकीत डाग असेल आणि तिथल्या खाचांवरून नख अडखळत नसेल तर तो वेज संपला. मुलामा नसलेल्या कच्च्या पोलादावरचा तांबूस गंज मात्र घाबरण्यासारखा नसतो, तो मुद्दामच तसा ठेवलेला असतो. दांड्याच्या आत किंवा सांध्याशी गंज असेल तर सौदा सोडावा. मूठ कडक झाली असेल तर ती बदलायला थोडेच पैसे लागतात, त्यावरून भाव पाडून घ्यावा. दांडा आपल्या लोखंडी क्लबांच्या जवळपासच्या वजनाचा असावा. ग्रॅफाइटच्या हलक्या संचाशेजारी जड पोलादी दांड्याचा वेज हाताची लय बिघडवतो. नामांकित वेजांच्या बनावट प्रतीही बाजारात फिरतात. नवा माल अविश्वसनीय भावात मिळत असेल तर तो नाकारणेच स्वस्त पडते.

आणखी एक सावधगिरी इथल्या वाचकासाठी. यंत्रमागांच्या शहरात लोखंड वाकवणारे आणि घासणारे कसबी हात गल्लीगल्लीत आहेत, आणि वेजचा लॉफ्ट एक-दोन अंश बदलून घेण्याचा मोह होतो. घडवलेला मऊ पोलादाचा वेज दोन अंशांपर्यंत वाकतो, पण ते मोजमापाच्या साच्यात धरून करायचे काम आहे. ओतीव स्टेनलेस स्टीलचा वेज सांध्यात तडकू शकतो. लॉफ्ट एक अंश वाढवला की बाउन्सही जवळजवळ एक अंश वाढतो, कमी केला की तितकाच घटतो, हेही लक्षात ठेवावे. तळ घासून बाउन्स कमी करता येतो, पण एकदा गेलेले पोलाद परत येत नाही.

पहिला वेज कोणता, याचे उत्तर वरच्या सगळ्यातून निघते. तापी खोऱ्यातल्या किंवा दख्खनवरच्या मैदानांवर खेळणाऱ्या आणि खिसा सांभाळणाऱ्या खेळाडूने आधी ५४ किंवा ५६ अंशांचा, ८ ते १० अंश बाउन्सचा, मध्यम रुंदीच्या तळाचा वेज घ्यावा, तोही मागच्या पिढीचा किंवा चांगला वापरलेला. त्याच्यावर एक पावसाळा आणि एक उन्हाळा काढावा. मग पिचिंग वेज आणि त्याच्यामधली पोकळी खरोखर अडते आहे असे दिसले तर ५० किंवा ५२ चा दुसरा घ्यावा. ६० अंशांचा वेज टणक जमिनीवर सरावाशिवाय नुकसानच करतो. तो सर्वांत शेवटी घ्यावा, आणि घेतला नाही तरी चालेल.